ताईंच्या हातातला चुकोबा

"एक, दोन, पाच!"

हा आवाज अजून माझ्या डोक्यातल्या कापसात घुमतो. नाकातून काढलेला, चिरका, आगाऊ. आवाज माझा, पण गळा ताईंचा. आणि त्यामागोमाग बालवर्गातली सगळी पोरं एका दमात ओरडायची, "नाही रे वेड्या! तीन! तीन!"

मित्रांनो, मी एक जुना, हातात घालायचा बाहुला आहे. माझं नाव चुकोबा. ताईंच्या लेकीला तिचा तपकिरी स्वेटर आखूड झाला, तेव्हा त्याची एक बाही कापून ताईंनी मला शिवलं. डोळ्यांना बटणं लावली, एक काळं, एक निळं, कारण जोडी सापडली नाही. मी अस्वल की उंदीर, हे मात्र कधीच ठरलं नाही. पोरं त्यावरून भांडायची. "त्यालाच विचारा ना!" कुणीतरी म्हणायचं, आणि मी छाती फुगवून सांगायचो, "मी हत्ती!"

चुकणं हेच माझं काम होतं. टोपलीतला बटाटा उचलून मी म्हणायचो, "ट, ट, बटाटा!" की पोरं जिवाच्या आकांताने "ब! ब!" करायची. बाटल्यांची झाकणं जमिनीवर मांडत ताई गायच्या:

एक झाकण हाती आलं,
दुसरं झाकण हाती आलं,
तिसरं सांगा कुठे गेलं?
चुकोबाने गिळून टाकलं!

हसून हसून पोटं दुखायची. पण वर्गाचा एक नियम होता. हसून झालं की ज्याने चूक पकडली त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचं, "असू दे. परत मोजू." त्या इवल्या हातांनी माझ्या डोक्यावरची लोकर पार झिजली. ते टक्कल मी मिरवत असे.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे चिडीचूप म्हणायचे. आपण चुकू या धास्तीने ती तोंडच उघडत नसे. एका सकाळी मी "चार"नंतर "सात" म्हटलं, तर ती सरकत सरकत माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली, "पाच असतं." वर्गातला तिचा तो पहिला बोल. माझ्या आत ताईंची बोटं नाचली. आनंद हातातून कसा कळतो, ते मला तेव्हा समजलं.

भीती हातातून कशी कळते, ते पुढे समजलं.

त्या दिवशी मी खुंटीवर होतो. ताई एकट्याच झाकणं मोजत होत्या. "एक, दोन, तीन..." आणि थांबल्या. हातातल्या झाकणाकडे बघत राहिल्या, जणू ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. मग हळूच म्हणाल्या, "सात?"

पोरं फिदीफिदी हसली. "ताई, चुकोबा तर खुंटीवर आहे! तू काय चुकतेस?"

ताईंनी झटकन मला ओढून हातात चढवलं. "फसवलं की नाही!" मी ओरडलो. आत त्यांचा तळवा घामाने चिंब झाला होता.

तेव्हापासून त्या मला हातातून काढेचनात. शब्द अडला की मी पुढे, आकडा हरवला की मी पुढे. पोरांची चंगळ. मी मात्र मनाशी म्हणायचो, ही चूक माझी नाही. ताईंची लेक शेजारच्या मोठ्या गटाला शिकवायची. अधूनमधून ती दारात उभी राही, पोरांबरोबर हसे, आणि हसता हसता तिचे ओठ मिटत. विचारावंसं वाटे, पण ती विचारत नसे.

मग एकदा अंगणातून पोरं आत घेताना ताईंनी मोजलं आणि दार लावून घेतलं. चिडीचूप घसरगुंडीखालीच राहिली. हाक मारायचं धाडस तिला झालं नाही. लेकीला ती सापडली, तेव्हा रडून रडून दमली होती. एवढंच म्हणाली, "ताईंनी मला मोजलंच नाही."

ताईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

वर्ग लेकीकडे आला. आता पोरं तिलाच ताई म्हणतात. मला डोळ्यांसमोर ठेवणं तिला सोसेना, म्हणून मी खोक्यात गेलो. वर्गात बटण दाबलं की बोलणारं खेळणं आलं. ते कधीच चुकत नाही. पोरं दाबतात, ऐकतात आणि गप्प बसतात. कसरीने माझा कान कुरतडला, तरी मी दुसऱ्या कानाने वाट बघत होतो. कुणीतरी एकदा "नाही रे वेड्या" म्हणावं!

परवा लेकीने मला बाहेर काढून घरी नेलं. ताई खिडकीशी बसल्या होत्या.

"आई, बघ कोण आलंय."

ताईंनी तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं. लेकीने मला हातात घातलं. "एक, दोन, पाच!" पण तो आवाज चिरका निघाला नाही, रडका निघाला. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी मोजता मोजता अडखळलं, ओळखीचं नाव विसरलं, तर हसू आलं तरी चालेल. पण आमच्या वर्गाचा नियम तेवढा पाळा.

लेक तो विसरली नव्हती. आईच्या विरळ केसांवरून तिने हात फिरवला. "असू दे. परत मोजू."

तेव्हा ताईंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या हातात चढवलं. हात वाळला होता, पण बोटं बरोबर आपापल्या जागी गेली. त्यांनी माझं तोंड लेकीकडे वळवलं. आणि माझ्याच त्या चिरक्या आवाजात, अगदी हळू, त्या तिला म्हणाल्या,

"ताई, मी मुद्दाम नव्हतो चुकत हो. मला खरंच येत नव्हतं."