सुपरवायझरच्या पाठीवर पाणी

मोशीच्या पुढं चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. त्याच रस्त्यावर आणखी चार आहेत, पण कंपनीची पोरं माझ्याकडेच थांबतात. त्याचं कारण आमचा बोकड.

जुन्या टायरांच्या ढिगावर चढून तो सगळ्यांचं काम बघत उभा राहतो. स्वतः काही करत नाही. म्हणून पोरांनी त्याचं नाव सुपरवायझर ठेवलं. शिफ्ट सुटली की हवा भरायला येतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात, बिस्किटं चारतात. एकानं तर चाक धड असताना गाडी आणून लावली. म्हणाला, "चिमाजीभाऊ, साहेबांना भेटायला आलोय."

पण हा बोकड नवसाचा. आमचा रणजीत सहा वर्षं कंत्राटावर राबत होता. "पोरगं पर्मनंट झालं तर म्हसोबाला बोकड देईन," असं माझी बायको कस्तुरा बोलून बसली होती. रणजीतला पत्र मिळालं आणि तिनं बाजारातून हे करडू आणलं. म्हसोबाच्या त्या वर्षीच्या जत्रेला ते फारच लहान होतं, म्हणून वर्षभर दुकानात बांधलं. तिथंच आमची चूक झाली.

पुढची जत्रा जवळ आली तसा मी कस्तुराच्या मागं लागलो.

"अगं, कोंबडा देऊ. नारळाचं तोरण देऊ."

"बोललेलं फिरवायचं न्हाई. पोराची नोकरी गेली म्हंजे?" असं म्हणून तिनं आपल्या ताटातली भाकरी सुपरवायझरला चारली. माझ्याकडं बघितलं नाही.

जत्रेत सोनबा भगतानं त्याला हळद लावली, हार घातला. आमची रीत अशी की बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं. त्यानं अंग झाडलं तर देवाला तो मान्य. नाही झाडलं तर देवाला नको.

सोनबानं तांब्या ओतला. सुपरवायझर हार खात उभा. दुसरा ओतला, त्यानं डोळे मिटले. तिसऱ्याला तर तांब्यातच तोंड घातलं.

"दगडाचा हाय का राव ह्यो?" मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पंक्चर शोधायला दिवसभर टबात ट्यूब बुडवायची, बाहेर काढली की पाणी ह्याच्या अंगावर. करडू होता तेव्हापासून रोज भिजत आलेला. सोनबानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही.

"कस्तुराबाई, देव ह्याला घेत न्हाई. नारळ फोडा, घरी न्या. नवस फिटला."

"नक्की फिटला न्हवं?"

"म्या सांगतोय की!"

टेम्पोतून येताना बोकडाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. वाटभर ती त्याच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानावर गेलो, तर कस्तुरा माझ्या आधी पोचलेली. टब काठोकाठ भरलेला, आणि ती ओंजळ ओंजळ पाणी सुपरवायझरच्या पाठीवर टाकत होती.

"हे गं काय?"

"सवय मोडाया नको," ती म्हणाली. "देव परत कधी इचारील, सांगता येतं व्हय?"