मधला थर

गुरुवार, ११ डिसेंबर. दुपारचे साडेचार. रत्नागिरीत मांडवीचं दोन खोल्यांचं घर.

हर्षदचा वाढदिवस होता आणि हर्षद घरी नव्हता. खलाशाच्या घरात त्याचं नवल नाही. केक इथे करायचा, व्हिडिओ कॉलवर कापायचा आणि पहिला घास फोनच्या काचेला लावायचा, ही आता इथली घरोघरची रीत आहे. या वेळी मात्र नऊ दिवसांपूर्वी कंपनीचं पत्र आलं होतं: हर्षद परदेशी बंदरात जहाजावरून पळाला, त्याचा फोन कप्तानाच्या कपाटात सीलबंद आहे, शोध थांबवला आहे. तीन ओळी, खाली शिक्का. पळालेल्याला कोणी शोधत नाही, हे अशी पत्रं लिहिणाऱ्यांना नीट ठाऊक असतं. त्या पत्राची बातमी करायला मी गेलो होतो.

त्याची बायको अक्षया तरीही केक करत होती. कुकरमध्ये भाजून गार केलेल्या केकभोवती तिने शिवणाचा दोरा गुंडाळला आणि दोन्ही टोकं ओढून तो आडवा चिरला.

"दोऱ्यानं?" तिच्या सासूबाई, हौसाकाकू, दारातून म्हणाल्या. "घरात विळी नाय?"

"विळीला बांगड्याचा वास येतो, आई. तुमच्या लेकाला चालेल, केकला नाही."

दुसऱ्यांदा ओढताना दोरा सरकला आणि मधला थर तिरका उतरला. "हे लिहू नका हं," असं मला बजावून तिने डब्यातला आमरस भरला, थर रचले, वरून पांढरं क्रीम फासलं. बाहेरून केक अगदी सरळ दिसत होता.

तेवढ्यात अक्षयाचा फोन वाजला. हर्षदचा नंबर.

पडद्यावर तोच होता. दाढी वाढलेली, मागे लोखंडी भिंत. अक्षयाने फोन केकसमोर धरला. त्याने केककडे पाहिलं आणि हसला.

"मधला थर तिरका कापलास गो."

केकला अजून सुरी लागली नव्हती.

"कुठे आहात तुम्ही?"

"जहाजावर. आणखी कुठे?" त्याने मागे वळून पाहिलं. "पण इथे कोणी माझ्याशी बोलत नाही."

कॉल तुटला.

मी तिथूनच कंपनीला फोन लावला, आवाज चढवला आणि हा कॉल कुणी केला, असं लेखीही विचारलं. तासाभराने जहाजावरून पुराव्यादाखल फोटो आला: कप्तानाचं उघडं कपाट, आत फोनचं सील न तुटलेलं पाकीट, आणि साक्षीदार म्हणून शेजारी उभे केलेले खलाशी. खाली पाच नावं, पाच सह्या.

हौसाकाकूंनी चष्मा न लावताच फोटोवर बोट ठेवलं.

"हा माझा."

मी पुन्हा मोजले. फोटोत सहा जण उभे आहेत. सहाव्याचं नाव विचारणारी चार पत्रं मी कंपनीला पाठवली. एकाचंही उत्तर आलेलं नाही.