आठवा फर्मा दोनदा

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो, आणि सांगायला लाज कसली, थोडी चुकलेली आहे. माझ्यात एका गावाची गोष्ट आहे. त्या गावातल्या सगळ्यांना रोज एकच स्वप्न पडू लागतं. स्वप्नातही तेच गाव, त्याच गल्ल्या, पण घडलेलं सगळं वेगळं. इकडे जो माणूस कायमचा गेला, तो तिकडे आपल्या घरी मजेत जेवत बसलेला असतो.

छापखान्यात मोठ्या कागदावर सोळा पानं छापून त्याच्या घड्या घालतात, त्याला फर्मा म्हणतात. बाइंडर एकेक फर्मा उचलून क्रमाने रचतो आणि शिवतो. माझ्या बाइंडरचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. हात कामावर, जीव घरी! पठ्ठ्याने आठवा फर्मा दोनदा उचलला आणि नववा राहूनच गेला. मालकाने मला रद्दीत टाकलं, तर याने मला खाकोटीला मारून घरी आणलं. हल्ली पगार पुस्तकांत मिळतो का रे, असं थोरल्या बहिणीने विचारलं आणि नवी नवरी खुदकन हसली.

त्या घरात मला वाचलं मात्र कुणीच नाही. कधी मी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण झाले, कधी डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली गेले. बाइंडर तेवढा येता-जाता वाकून माझ्यावरची धूळ पुसायचा. एका सकाळी तो "येतो गं" म्हणून कामावर निघाला आणि वाटेतच अपघात झाला. तो परत आलाच नाही.

मग घरात नणंद-भावजय दोघीच उरल्या. नणंद घरी शिवणकाम करायची, भावजय लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नणंदेची जीभ तिखट आणि मन लोण्याचं, पण ते मन दाखवायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर यायचं. भावजयीच्या भावाने निरोप पाठवला की आता तिथे तुझं कोण आहे, आमच्याकडे राहायला ये. तिने नणंदेला विचारलं, तर ही सुईत दोरा ओवत म्हणाली, तुझं तू बघ. झालं! भावजयीने सामान बांधायला घेतलं. माझा जीव खालीवर झाला. हे घर आता मोडणार, असं वाटलं.

कपाट सरकवलं तशी मी हाती लागले. आपल्या भावाच्या हातचं पुस्तक म्हणून नणंदेने मला उचललं, पुसलं आणि वाचायला बसली. रोज दुपारी ती मोठ्याने वाचायची आणि भावजय कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. इतक्या वर्षांनी कुणी मला वाचत होतं, पण आनंद कसा व्हावा?

निघायच्या आदल्या दुपारी आठवा फर्मा आला. स्वप्नातल्या घरी तो कायमचा गेलेला माणूस जेवून उठतो, चपला घालतो, "येतो गं" म्हणतो आणि दाराबाहेर पडतो. तिथे फर्मा संपला. नणंदेने पान उलटलं, तर तोच माणूस पुन्हा ताटावर! ती न अडखळता वाचत राहिली.

"वन्सं, हे मघाशी वाचलं ना आपण?"

"वाचलं." नणंदेने चष्मा काढला. "येतो म्हणाला आणि आला बघ. आपला नाही आला."

तिने चष्मा पदराने पुसला. मग म्हणाली, "तू तरी नको जाऊस गं. मला करमायचं नाही."

भावजयीच्या हातातली घडी विस्कटली. "मग इतके दिवस मूग गिळून का बसलात? मी नुसती तुमच्या तोंडाकडे बघत होते, वन्सं."

दोघी पोटभर रडल्या. मग बांधलेलं सामान सोडताना कुठलं पातेलं कुठे ठेवायचं यावरून भांडल्यासुद्धा.

मित्रांनो, माझ्या नवव्या फर्म्यात काय होतं, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगू, त्याची हळहळही नाही. तुम्ही पुस्तकं जपा. पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, एखादं चुकलेलं निघालं तरी लगेच फेकू नका. आणि घरातलं एखादं माणूस हवंहवंसं वाटत असेल, तर त्याने सामान बांधायच्या आत तसं त्याला सांगून टाका. आमच्या नणंदबाईंना माझ्यासारखी फसलेली कादंबरी सापडली. सगळ्यांनाच कुठून सापडायची?