शेजारची खुर्ची

माझा नवरा कॉलेजपासून एका बाईला ‘पार्टनर’ म्हणतो. मला नुसती नावाने हाक मारतो. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तरी ते अजून माझ्या डोळ्यात खुपतं.

दोन महिन्यांपूर्वी ही जोडी मला माझ्याच हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये दिसली. घरी विचारलं, तर म्हणे, “दिवसभर ऑफिसात होतो.” त्याला धड खोटंही बोलता येत नाही, कान लाल होतात. मी जळून खाक झाले.

मी हाडांची डॉक्टर. पार्टनरचं एकही हाड मोडलेलं नव्हतं, तरी ओपीडी आटोपल्यावर मी कॉम्प्युटरवर तिची फाईल उघडली. आपल्या नसलेल्या पेशंटची फाईल उघडताना कॉम्प्युटर कारण विचारतो. मी ‘उपचार’ असं टाकलं.

स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झालेलं, डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणजे त्या हाताने जड उचलणं बंद, आता दर सोमवारी केमो. सोबत येणारी व्यक्ती: माझा नवरा. खाली नोंद होती, ‘इतर कोणालाही कळवू नये.’ मला तिची कीव यायला हवी होती. मनात आलं ते एवढंच, की मी तापाने फणफणले होते तेव्हा यानं कधी रजा टाकली होती?

पुढच्याच रविवारी एका मित्राच्या घरी सगळे जमलो. निघताना तिने पुस्तकांची जड पिशवी उचलली, डाव्या हाताने.

“अहो, त्या हाताने नको!” मी ओरडले आणि पिशवी काढून घेतली. पेशंटना रोज दटावणारी जीभ, तिला कुठला लगाम!

पार्टनर माझ्याकडे बघेना. ती माझ्या नवऱ्याकडे बघत होती. “सांगितलंसच ना शेवटी?” एवढंच म्हणाली.

त्याने शपथा घेतल्या. ती ऐकेना. घरी त्याने मला विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं, “डॉक्टर आहे मी. बघून कळतं.” त्या भोळ्याला ते पटलं. तिने मात्र त्याचे फोन घेणं बंद केलं. सुंठीवाचून खोकला गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तो सोमवारी तोंड पाडून घरी बसायचा, तेव्हाही.

तिसऱ्या सोमवारी माझा एक पेशंट बघायला मी केमोच्या वॉर्डात गेले. ती एकटीच होती. उजव्या हाताला सुई, म्हणून पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हाताने झाकण उघडायची धडपड चाललेली. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती.

मी खाली रेकॉर्ड विभागात गेले, एक अर्ज घेतला, भरला आणि वर येऊन तिच्यापुढे धरला.

“हे काय?”

“तुमची फाईल कुणी कुणी उघडली, त्याची यादी मागायचा अर्ज. सही तेवढी करा.”

“कुणाचं नाव निघेल?”

“माझं. तो एक शब्द बोलला नव्हता.”

ती शिव्या देईल म्हणून मी तयार उभी होते. तिने सही केली. मग पर्स उचलून खाली ठेवली, खुर्ची रिकामी केली आणि फोन काढून एकेक आकडा दाबू लागली.

माझी नोकरी जाणार होती. आणि मी बघत काय होते, तर माझ्या नवऱ्याचा नंबर तिला पाठ होता.