पायाकडचा दोर

समोरून आलेली पर्यटकांची गाडी ऐन वळणावर अडून बसली, तशी मॅग्नसनं मान वळवली आणि आपली गाडी मागे घेत घेत थेट पांढऱ्या पाटीच्या खांबापाशी, समोरच्याला वाट देण्यासाठी ठेवलेल्या रस्त्याच्या कडेच्या फुगवट्यात नेऊन लावली. तेही एका हातानं. दुसऱ्या हातात अंड्याचं सँडविच होतं.

"शहरातली माणसं!" तो म्हणाला. "मागे घ्यायची म्हटलं की घाम फुटतो. रिव्हर्स गियर काय शोभेला दिलाय?"

"टायवर अंडं सांडलंय तुझ्या," इना म्हणाली.

टाय काळा होता, त्यामुळे अंडं लांबूनही दिसलं असतं. तिनं रुमालाला थुंकी लावून ते पुसलं. तेवढ्यात पर्यटक पाचही बोटं हलवत, हसत निघून गेले. मॅग्नसनं चाकावरचं एक बोट उचललं. या एकपदरी रस्त्यांवरचा शिष्टाचार तेवढाच. जो थांबतो त्याला जाणाऱ्यानं एक बोट उचलून दाखवायचं, थांबलेल्यानं उलट तसंच बोट उचलायचं, झालं. आणि ते काम चालवणाऱ्याचं, शेजारी बसलेल्यानं हात मांडीवर ठेवायचे. मॅग्नसनं उभा जन्म विक बंदराच्या धक्क्यावरून मासळीची लॉरी हाकली होती. इनाला गाडी येत नव्हती असं नाही, पण तो शेजारी असताना चाक दुसऱ्याच्या हाती जाणं शक्यच नव्हतं. लग्न झाल्यापासून या रस्त्यावर तिचे हात मांडीवरच होते.

वाऱ्यानं गाडी हलत होती. उजवीकडे खाली समुद्र पांढरा झाला होता.

"मला अजून उमगत नाही," मॅग्नस म्हणाला. "मलाच का?"

"मला काय ठाऊक?"

"उभ्या जन्मात एकदा बोललो असेन त्याच्याशी. बर्फात लॉरी अडकली, त्यानं ट्रॅक्टर लावून ओढून काढली. मी आभार मानले. तो 'हं' म्हणाला. याला बोलणं म्हणायचं असेल तर."

"हेक्टरच्या मानानं पुष्कळ बोलला," इना म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

हेक्टर गेल्याचा फोन त्याच्या बहिणीनं, जेसीनं केला होता. इथं शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोर असतात. डोक्याकडचा सगळ्यात जवळच्या पुरुषाला, पायाकडचा त्याच्या खालोखाल, बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना. हेक्टरनं दवाखान्यातच सगळं ठरवून ठेवलं होतं. डोक्याकडचा दोर जेसीच्या मुलाला, केनीला. पायाकडचा मॅग्नस बेनला. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर मेंढ्या कातरल्या ते सगळे बाजूला, आणि पायाशी विकचा एक लॉरीवाला! आज सगळं गाव बघणार होतं.

गावाला जुनी गोष्ट ठाऊक नव्हती असं थोडंच आहे? इना त्याच गावची. विकला कामाला निघाली तेव्हा हेक्टरला सांगून गेली होती, दोन वर्षांत येते. तो "बरं" म्हणाला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात तिला मॅग्नस भेटला. मॅग्नस बोलायचा, हसवायचा, नाचताना पायावर पाय द्यायचा. हेक्टरनं जाब विचारला नाही. तो लग्नाला आला, सूप प्यायला, आणि मेंढ्यांची वेळ झाली म्हणून निघून गेला. पुढं त्यानं लग्न केलं नाही. मॅग्नसच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. इना सुखात नव्हती असं कुणी म्हणू नये, ती सुखातच होती. पण पश्चिमेचा, माहेरच्या बाजूचा वारा सुटला की कपडे वाळत घालताना ती मध्येच थांबायची, आणि मॅग्नस खिडकीतून ते पाहायचा.

हेक्टरच्या घराची वाट जिथं रस्त्याला मिळते तिथंही एक फुगवटा होता. दर उन्हाळ्यात इनाच्या माहेरी जाताना त्याची हिरवी व्हॅन बहुतेक तिथं थांबलेली असायची. दुसऱ्याला थांबायला लावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मॅग्नस बोट उचलायचा, हेक्टर बोट उचलायचा. इना आपल्या हातांकडे पाहायची.

आज फुगवटा रिकामा होता.

"जरा थांबतोस?" ती म्हणाली.

"उशीर होतोय गं. येताना बघू."

इनानं मागे पडणाऱ्या फुगवट्याकडे मान वळवून पाहिलं. तिला फार काही नको होतं. या माणसाला एकदा, त्याला दिसेल असा हात करायचा राहून गेला होता, आणि आता ते कायमचंच राहणार म्हणून तिचा जीव तुटत होता. इथल्या बायका दफनभूमीच्या फाटकाशी थांबतात. आईवडिलांनासुद्धा तिनं फाटकापासूनच निरोप दिला होता, हेक्टरलाही तसाच देणार होती.

जेसीच्या दारात गाड्यांची रांग लागली होती. मॅग्नसनं मागचं दार उघडलं, बटाट्यांचं पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि काळ्या कोटातल्या सगळ्या पुरुषांमधून ताठ चालत निघाला.

"काय रे, मयताला आलास की बाजाराला?" भिंतीला टेकलेला म्हातारा रोरी म्हणाला.

"तुमच्या दगडधोंड्यांत काही उगवत नाही, म्हणून आणलेत."

पोतं स्वयंपाकघरात उतरवलं तेव्हा तिथं जेसी एकटीच होती. तिनं त्याच्या खांद्यावरची माती झटकली.

"जेसी, खरं सांग," मॅग्नस हळूच म्हणाला. "मला का दिला दोर?"

"मीही त्याला हेच विचारलं. म्हटलं, त्या विकच्या माणसाचा काय संबंध?"

"मग?"

जेसीनं चहाचे कप उगाचच हलवले.

"म्हणाला, बायकांना दोर देत नाहीत ना."

मॅग्नसनं पोत्याचं सुटलेलं तोंड पुन्हा आवळून बांधलं. बाहेरून कुणीतरी हाक मारली, तेव्हा टोपी डोक्यावर घालायची की हातात धरायची हे न सुचल्यासारखा तो बाहेर पडला.

दफनभूमी समुद्राच्या अगदी काठाला होती. वारा असा की पाद्र्याचे शब्द फाटकापर्यंत पोचतच नव्हते. इना डोक्याचा रुमाल धरून बायकांमध्ये उभी होती. अंत्यविधीचं काम पाहणारा माणूस एकेक नाव घेत होता. केनी डोक्याशी गेला. मग मॅग्नस बेन. मॅग्नस पायाशी गेला, दोर हातात घेतला, तळव्याभोवती एक वेढा दिला आणि थांबला.

"थांबा जरा," तो मोठ्यानं म्हणाला. "माझा खांदा दुखतोय. मला वजन पेलणार नाही."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पोतं सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"इना!" त्यानं हाक मारली. "ये इकडं. तू धर."

इना जागची हलली नाही. रोरीनं नापसंतीनं जिभेनं 'च्च' केलं. पाद्र्यानं केनीकडे पाहिलं, केनीनं आईकडे. जेसी फाटकाशीच होती. तिनं इनाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला सरळ पुढं ढकललं. केनी म्हणाला, "या, सांभाळून, गवत ओलं आहे."

ती चालत आली. मॅग्नसनं आपल्या तळव्यावरचा वेढा सोडवून तिच्या हाताला दिला, मग मागे सरकून तो पुरुषांच्या मागच्या रांगेत गेला आणि दुखरा म्हणून धरायचा तो खांदा कोणता हे ठरवून त्यानं डावा धरला.

पेटी जड होती. इतका शांत माणूस इतका जड असेल असं इनाला वाटलं नव्हतं. दोर तळव्यातून हळूहळू सरकत गेला, पेटी तळाला टेकली. "सोडा," असं सांगितल्यावर सगळ्यांनी दोर आत टाकले. इनानं सोडला नाही. तिला रडू फुटलं, आणि वाऱ्यात रुमाल उडालेला असताना, सगळ्या गावासमोर ती रडली. मग तिनं दोर सोडला. कुणीही तिला घाई केली नाही.

जेसीकडे सूप पिऊन ते निघाले, तेव्हा रोरी भिंतीपाशीच होता.

"बटाट्यांनी दुखला वाटतं खांदा?"

"वय झालं," मॅग्नस म्हणाला.

गाडीपाशी येऊन त्यानं खिशातून चावी काढली. इनानं हात पुढं केला.

"आण इकडं."

"कशाला?"

"खांदा दुखतोय ना तुझा? साऱ्या गावाला ओरडून सांगितलंयस. बघतायत सगळे."

मॅग्नसनं गावाकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि चुपचाप दुसऱ्या दारानं आत बसला. इनानं पहिला गियर टाकला तेव्हा असा आवाज झाला की त्यानं डोळेच मिटले, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुढच्या चढावर समोरून ट्रॅक्टर आला, तर तिनं गाडी मागे घेतली, वाकडीतिकडी, पण घेतली. मॅग्नसनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

हेक्टरची वाट दिसू लागली.

"थांब हवं तर," मॅग्नस म्हणाला. "मी बसतो गाडीत."

"नको. थांबायचं काम त्याचं होतं."

तिनं गाडी अगदी हळू केली. फुगवटा रिकामा होता. पांढरी पाटी वाऱ्यानं थरथरत होती. समोर गाडी नव्हती, माणूस नव्हतं, साधी मेंढीसुद्धा नव्हती. इनानं चाकावरचं एक बोट उचललं आणि फुगवटा मागे जाईपर्यंत तसंच वर ठेवलं.

शेजारी मॅग्नसनंही आपला हात उचलला, डावा, चांगला डोक्याच्या वर.

"खांदा," इना समोर पाहत म्हणाली.

"आई गं!" मॅग्नस म्हणाला, पण हात लगेच खाली घेतला नाही.