शेवटच्या बाकापर्यंत

प्राणीशास्त्राच्या वर्गात कुणी स्लाइड वाचून दाखवली की वर्ग लांब व्हायचा. एका ओळीला साधारण एका बाकाएवढा. वाचणारा भिंतीकडे तोंड करून उभा असायचा, त्यामुळे त्याला ते दिसत नसे, आणि बाकीच्यांना त्यात काही नवल वाटत नसे. फरशी गुपचूप वाढायची, मागचे बाक पोरापोरींसकट मागे सरकायचे आणि मधल्या रिकाम्या जागेत छताला नवे पंखे उगवायचे. ते फिरत मात्र नसत. शेवटी कॉलेजचेच पंखे ते.

जूनमध्ये वर्ग मैदानापर्यंत होता. दिवाळीच्या आधी त्याने पाण्याची टाकी ओलांडली, आणि विक्रांत कोठुळेने 'गांडुळाची पचनसंस्था' सादर केली त्या दुपारी शेवटचे बाक पुलावरून नदीपलीकडे गेले. प्राचार्य खूश होते. एवढा लांब वर्ग जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही, असं त्यांनी पालकसभेत सांगितलं आणि पालकांनीही टाळ्या वाजवल्या.

दोष द्यायचाच तर पेनड्राइव्हला द्यावा लागेल. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं जाता जाता खालच्या वर्गाच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवून जात. त्यात सगळ्या विषयांची सादरीकरणं तयार असत. निळी पार्श्वभूमी, त्यावर मुंग्यांएवढी अक्षरं, आणि शेवटी 'धन्यवाद' लिहिलेला, दव पडलेला गुलाब. स्लाइड आपोआप पुढे सरकायच्या, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्याला ताप नको. आपलं नाव टाकायचं, 'आदरणीय मॅडम आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' म्हणायचं, पाठ फिरवायची आणि गुलाब येईपर्यंत थांबायचं नाही. डोंगरदिवे मॅडम मार्कांच्या बाबतीत हात आखडता घेत नसत. एकही ओळ न गाळता वाचलं की पैकीच्या पैकी.

केतकी उगलेला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. म्हणजे नसरीन जाईपर्यंत नव्हतं.

केतकी आणि नसरीन पठाण शेवटच्या बाकावर बसायच्या. नसरीनची एसटी उशिरा यायची, तोवर पुढचे बाक भरलेले असत, आणि नसरीनशिवाय केतकीला करमत नसे. गांडुळाच्या त्या दुपारी दोघी नसरीनच्या डब्याच्या झाकणात लिंबाचं लोणचं घेऊन बोटं चाटत बसल्या होत्या. मागे फेरी मारताना मॅडमनी पाहिलं. त्यांनी केतकीला उठवलं आणि पहिल्या बाकावर आणून बसवलं. झाकण केतकीच्या हातातच राहिलं. मग विक्रांत उभा राहिला आणि वाचायला लागला. केतकीने मागे वळून बघितलं तेव्हा नसरीन बोटाएवढी दिसत होती. तो आतड्यापर्यंत येईतो ती तेवढीही दिसेनाशी झाली.

केतकी तिला आणायला निघाली नाही असं नाही. मधल्या सुटीत ती बाकांच्या रांगेतून चालत टाकीपर्यंत जाऊन पोचायची, पण घंटा झाली की ज्याने त्याने आपापल्या बाकावर असायचं हा वर्गाचा नियम होता आणि तो आपोआप पाळला जायचा. घंटेच्या शेवटच्या टोल्याला केतकी पुन्हा पहिल्या बाकावर बसलेली असे, चपलांना तेवढी टाकीजवळची माती लागलेली.

नसरीनचा 'येस मॅडम' आधी दुसऱ्या दिवशी पोचायचा. मॅडम तेवढ्यासाठी हजेरी उघडी ठेवत. मग तो दोन-तीन दिवसांनी यायला लागला, पुलावरच्या गाड्यांच्या आवाजात मिसळून. नसरीनची अम्मी एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायची. केतकी तो कागदाने झाकून मागे द्यायची आणि तो बाकाबाकावरून हातोहात जायचा. रिकामा परत आला की केतकीचा जीव भांड्यात पडायचा. पण रोज कुणी ना कुणी वाचतच होतं. बेडकाचं हृदय झालं, झुरळाच्या मिशा झाल्या, आणि एके दिवशी डबा परत आलाच नाही. आवाजही यायचा थांबला.

महिनाअखेरपर्यंत ज्यांचा आवाज पोचणार नाही त्यांची नावं पटावरून कमी होतील, असं मॅडमनी सांगितलं. केतकी त्यांना स्टाफरूममध्ये जाऊन भेटली. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी तिला पाणी दिलं.

"मी तरी काय करू, उगले," त्या म्हणाल्या. "आवाज यायला पाहिजे ना."

महिन्याचा शेवटचा शनिवार केतकीच्याच वाट्याला आला होता. विषय 'मधमाशीचा नाच'. पेनड्राइव्हवरच्या स्लाइड तिने उघडून बघितल्या आणि ओळी मोजल्या. एवढ्या ओळी वाचल्या तर नसरीन घाटापलीकडे जाणार होती, आणि जुन्या वर्षांच्या शेवटच्या बाकांवरून तिकडे गेलेलं कुणी कधी परत आलेलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात सराव केला. भिंतीला टॅब टेकवला आणि वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला ओटा लांब गेला. आई पोळ्या लाटत होती ती पोळपाटासकट बाल्कनीच्याही पुढे निघाली.

"अगं, मग फुलं कुठंयत ते अंधारात त्या बाकीच्या माश्यांना कळतं कसं?" आईने तिथून ओरडून विचारलं.

केतकी वळली. आईच्या तोंडाकडे बघत तिने सांगितलं की पोळ्यात अंधारच असतो, कुणाला काही दिसत नाही, म्हणून त्या नाचणाऱ्या मैत्रिणीला हात लावून बघतात. ओटा वीतभर जवळ आला. आईने आणखी एक प्रश्न विचारला, केतकीने उत्तर दिलं, आणि बोलता बोलता शेगडीची धग पुन्हा तिच्या अंगाला लागली. आईने गरम पोळी तिच्या हातावर ठेवली. 

शनिवारी पडदे ओढलेले होते. केतकी व्यासपीठावर चढली, "आदरणीय मॅडम" म्हणाली आणि पुढचं सगळं विसरली. असं झालं की माणूस जे करतो तेच तिने केलं, भिंतीकडे वळून पहिली ओळ वाचली. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. बघते तर पहिला बाकसुद्धा हाताच्या अंतरावर राहिला नव्हता, आणि त्यावरच्या विक्रांतचा चेहरा वाटीएवढा झाला होता. तिला रडूच कोसळणार होतं. तिने पिशवीतून नसरीनच्या डब्याचं झाकण काढलं आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर बसवलं. ते बरोब्बर बसलं. वर्गात अंधार झाला.

"उगले, स्लाइड कुठंय?" मॅडमनी विचारलं.

"झाकली, मॅडम."

"मार्क जातील."

"हो, मॅडम."

मग तिने विक्रांतला नजरेत धरलं. अंधारात त्याचे डोळे तेवढे चमकत होते, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "समज, तू मधमाशी आहेस आणि तुला लांब कुठंतरी फुलं सापडली. इथं सगळ्या उपाशी बसल्यात. आणि तुला बोलता येत नाही. कसं सांगशील?" विक्रांतने विचार केला. कॉलेजात त्याला कुणी हे करायला लावलं नव्हतं. "हातानं दाखवीन," तो म्हणाला, आणि त्याचा बाक पुढे आला.

केतकीने मग त्याच्या मागच्या मुलीकडे पाहिलं, तिच्या मागच्याकडे पाहिलं. एकेकाला एकेक गोष्ट सांगायची, ती त्याला कळली की मान हलायची आणि बाक फरशीवरून खरखरत पुढे यायचा. पण तिची नजर पोचून पोचून कुठवर पोचणार? टाकीपलीकडे नुसता काळोख होता. तेव्हा केतकी नाचली. आधी लाजली, मग नाचली. नदीच्या दिशेने तोंड करून, कंबर थरथरवत ती व्यासपीठावरून सरळ गेली, उजवीकडून वळून मागे आली, पुन्हा तशीच सरळ गेली आणि डावीकडून वळली. घशातून भुणभुण सुरूच होती. फुलं जेवढी लांब तेवढं थरथरणं लांबवायचं असतं. नसरीन फार लांब होती. केतकीचे पाय भरून आले, पण तिने ते थरथरणं तोडलं नाही. पुन्हा पुन्हा तीच दिशा, तेवढंच अंतर.

विक्रांतने हात पुढे करून तिच्या खांद्याला लावला. मागच्या मुलीने विक्रांतच्या पाठीला लावला. अंधारात तो हात बाकाबाकावरून मागे जात राहिला, डबा जायचा तसा, टाकीपर्यंत, पुलावर, पुलापलीकडे.

बराच वेळ काही झालं नाही. पडद्याच्या फटीतल्या उजेडात मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

"येस मॅडम," असा आवाज आला. बारीक, पण नसरीनचाच. त्याच्यामागून आणखी एक आला, मग आणखी एक. गेल्या सगळ्या दिवसांचे 'येस मॅडम' एकामागून एक रांगेने येत होते, काही दमलेले, काही चिडलेले, एक तर तोंडात घास असताना म्हटलेला. मॅडमची धांदल उडाली. त्या हजेरीची पानं मागे उलटत जुन्या रकान्यांत पी मांडत होत्या आणि, खरं सांगायचं तर, हसत होत्या. केतकीने डोळे पुसले आणि नाचत राहिली.

मग बाक आले. पायांना गवत चिकटलेले, नदीच्या वासाचे, घाटाची धूळ बसलेले. ते येऊन प्रोजेक्टरच्या टेबलाला टेकले आणि शेवटच्या बाकावरून नसरीन उतरली. केस कंबरेपर्यंत वाढले होते. हातात उघडा डबा होता. टेबलाला वळसा घालून ती सरळ केतकीपुढे, व्यासपीठावर येऊन उभी राहिली.

"माझं झाकण दे गं," ती म्हणाली. "कोरडं होतंय सगळं."

केतकीने भिंगावरून झाकण काढलं. ते तापलं होतं. प्रकाश उसळून बाहेर आला, पण भिंतीपर्यंत गेला नाही. मध्ये नसरीन होती. अंधारात स्लाइड आपल्या आपण सरकत शेवटपर्यंत पोचल्या होत्या. वळून पाहणाऱ्या नसरीनच्या कपाळावर 'धन्यवाद' उमटलं आणि दवाचा गुलाब तिच्या गालावर बसला. सगळा वर्ग, मॅडमसुद्धा, केतकी ते वाचण्याची वाट बघत होता.

केतकीने ते वाचलं नाही.

"कुणाला काही विचारायचंय?" ती म्हणाली.

नसरीनने हात वर केला. तिकडे, शेवटच्या बाकाच्याही मागे, अंधारात आणखी बाक दिसायला लागले होते. जुन्या वर्षांचे, लाकडाचे, घाटापलीकडून येणारे. त्यांच्यावरचे हात एकेक करून वर होत होते.