बारा नंबरची पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी, रुंदी जेमतेम अर्धा इंच. जाडी म्हणाल, तर एका मिलिमीटरचे दहा भाग करा आणि त्यातले तीन घ्या. माझ्या अंगावर बारा हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले बारा भाग. माझ्यासारख्या दहा बहिणी एकाच खिळ्यात ओवलेल्या आहेत आणि प्रत्येकीची जाडी वेगळी आहे. आम्हा सगळ्यांना मिळून फीलर गेज म्हणतात. दोन लोखंडी भागांमध्ये किती मोकळी जागा असावी, हे आम्ही सांगतो. मित्रांनो, काम छोटे आहे, पण त्यात चूक चालत नाही. मी आजवर एकही चूक केलेली नाही. ही बढाई वाटत असेल तर जरा थांबा, पुरावा पुढे येतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या पत्र्यातून मला कापले, लाल होईपर्यंत तापवले, तेलात बुडवले आणि मग घासून घासून मापात आणले. त्या दिवशी माझ्याबरोबर चाळीस पट्ट्या तयार झाल्या. तपासणीत सहा जणी नापास झाल्या आणि भंगाराच्या पेटीत गेल्या. मी पास झाले.

तिथून मी एका गॅरेजमध्ये आले. माझे मालक तेव्हा नुकतेच कामाला लागलेले मेकॅनिक होते. आज सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांच्याकडे नाना गाड्या आल्या आणि गेल्या, पण माझी खरी सोबत एकाच गाडीची. बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, गोल दिव्यांची ती जुनी मोटार दातांच्या एका डॉक्टरांची होती. त्यांच्या वडिलांनी ती नवी असताना घेतली होती. दर सहा महिन्यांनी डॉक्टर ती घेऊन यायचे आणि स्टुलावर बसून काम बघायचे.

"वस्ताद, तुमचं नि माझं काम एकच बघा," ते एकदा म्हणाले. "दोघंही फटीत डोकं घालून बसतो."

"फरक आहे ना, डॉक्टर," वस्ताद म्हणाले. "माझं गिऱ्हाईक ओरडत नाही."

आता माझे काम नीट सांगते. इंजिनाच्या माथ्यावर छोटी दारे असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. काही दारे पेट्रोल आणि हवा आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात. लोखंडी दांड्या त्यांना ढकलून उघडतात. दांडी आणि दार यांच्यामध्ये थोडी फट लागते. इंजिन तापले की धातू फुगतो आणि ती फट भरून येते. फट मुळातच कमी ठेवली, तर दार पूर्ण मिटत नाही. आतली आग त्या अर्धवट मिटलेल्या दारातून निसटते आणि दाराची कड जाळते. या मोटारीसाठी ती फट बरोबर माझ्या जाडीची हवी. इंजिन गार असताना वस्ताद मला त्या फटीत सरकवायचे. "ओढली तर यावी, पण सहज येऊ नये," असे ते म्हणायचे. आठ व्हॉल्व्ह, आठ वेळा मी. एकतीस वर्षे हे काम मी केले आणि ती मोटार कधी रस्त्यात अडकली नाही. लोक इंजिनाचे कौतुक करायचे, वस्तादांचे करायचे. माझे कोणी केले नाही, पण वस्ताद मला रोज पुसून, तेलाचे बोट लावून डबीत ठेवायचे. मला तेवढे पुरे होते.

फट असली की इंजिनातून बारीक टिकटिक ऐकू येते. निरोगी इंजिनाची ती खूण आहे. पण एका रविवारी डॉक्टरांचे दोन मित्र गाडीत बसले आणि हसले. "काय हो, बॉनेटखाली शिलाई मशीन बसवलंय का?" डॉक्टरांना ते फार लागले. दुसऱ्याच दिवशी ते गॅरेजमध्ये हजर.

"वस्ताद, हा आवाज बंद करा बुवा. काहीही करा."

वस्तादांनी नाही म्हणायला हवे होते. पण एकतीस वर्षांची ओळख होती आणि एकतीस वर्षांची घमेंडही होती. "बोटांना कळतं मला," असे म्हणून त्यांनी मला हात न लावताच आठही फटी आवळल्या. टिकटिक थांबली. डॉक्टर खूश झाले, वस्तादांची पाठ थोपटली गेली, आणि माझी रवानगी ड्रॉवरच्या तळाशी, तुटक्या पान्यांखाली झाली. त्यानंतर वस्तादांनी मला बाहेर काढलेच नाही. माझ्या कडेवर गंजाचा पहिला ठिपका तिथेच पडला.

चार महिन्यांनी मोटार पाण्याच्या टाकीच्या चढावर, तिसऱ्या वळणाला बंद पडली. तिला टोचन लावून गॅरेजमध्ये आणले. मागोमाग डॉक्टरांचा मुलगा आला. तिशी ओलांडलेला, घाईचा माणूस.

"बाबा, बास झालं. हे म्हातारं इंजिन काढू या. मी नव्या गाडीचं इंजिन बघून ठेवलंय. सोमवारी वेल्डर येतोय, इंजिन धरणारे जुने माउंट कापून नवे बसवेल."

"कापले की हे इंजिन परत कधी बसायचं नाही," वस्ताद म्हणाले.

"मग दुरुस्त करून दाखवा. रविवारी त्याच चढावर, चार माणसं बसवून. चढली तर तुमचं खरं."

डॉक्टर बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांनी तो शेवटपर्यंत उचलला नाही.

इथे गॅरेजमधल्या आणखी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. वस्तादांच्या मुलाला ग्रीसचा वास सोसत नाही. तो शाळेत भूगोल शिकवतो. गॅरेज पुढे चालवायला आली ती सून. ती घरी सासऱ्यांना बाबा म्हणते आणि गॅरेजमध्ये वस्ताद. तिचा कानापेक्षा आकड्यांवर विश्वास. तिने चारही सिलिंडरांतला दाब मोजला. तीन ठिकाणी काटा एकशे तीसच्या आसपास गेला. तिसऱ्या सिलिंडरात तो साठावर थांबला.

"वस्ताद, व्हॉल्व्ह जळलाय. मागच्या खेपेला फट किती ठेवली होती?"

"बाराच."

"पट्टीनं?"

वस्तादांनी हातातले फडके उगाच झटकले. "पट्टीनंच. पण ती पट्टी जुनी. झिजली असणार. तिच्यामुळेच झालं सगळं. म्हणून तर टाकून दिली मी."

मित्रांनो, ड्रॉवरमध्ये मी ते ऐकले. माझ्यावर असा आळ कधी आला नव्हता, आणि तो घेणाऱ्यानेच एकतीस वर्षे मला जपले होते.

सुनेने ड्रॉवर उपसला. मला शोधले, पुसले आणि मायक्रोमीटरच्या जबड्यात धरले. केसाची जाडी मोजणारे ते यंत्र. तिने एकदा मधोमध मोजले, एकदा टोकाला, एकदा गंजाच्या ठिपक्याशेजारी. मग यंत्र सासऱ्यांपुढे धरले.

"पॉइंट तीस. तिन्ही जागी."

वस्तादांनी चष्मा वर केला, आकडा वाचला, चष्मा खाली केला.

"बाबा," ती हलकेच म्हणाली. गॅरेजमध्ये तिने त्यांना अशी हाक पहिल्यांदाच मारली. "नसेल सांगायचं तर राहू द्या. पण मला कळल्याशिवाय दुरुस्त कसं करू?"

"बोटांनी केलं गं," वस्ताद म्हणाले. "आवाज घालवायचा होता. घालवला."

तिने "ठीक आहे" एवढेच म्हटले आणि पाना उचलला.

पुढचे पाच दिवस मी कधी विसरणार नाही. इंजिनाचा माथा उतरला. जळालेला व्हॉल्व्ह बदलला. बाकीचे सात वस्तादांनी पेस्ट लावून, काठी दोन्ही तळव्यांत फिरवत घासले आणि प्रत्येक कडेवर सलग राखाडी वर्तुळ उमटेपर्यंत सोडले नाहीत. ज्या बैठकांवर व्हॉल्व्ह मिटतात, तिथे सुनेने कठीण धातूची कडी बसवून आणली. आजचे पेट्रोल जुन्या बैठकांना सोसत नाही. ठिणगीचे जुने पॉइंट काढून तिने इलेक्ट्रॉनिक किट लावला, तेव्हा मात्र वस्ताद कुरकुरले.

"माझी पंधरा नंबरची पट्टी बेकार केलीस तू. पॉइंटची फट बघायची ती."

"तिला पेन्शन द्या, वस्ताद."

माझी बहीण तेव्हापासून निवांत आहे. मला तिच्यासाठी जरा वाईट वाटले. पण किट बरोबर वेळेवर ठिणगी टाकतो, हे कबूल करायलाच हवे.

रविवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, वस्तादांनी हात पुढे केला. "बारा दे." आठ फटी, आठ वेळा मी. प्रत्येक वेळी त्यांनी मला ओढून पाहिले आणि सुनेकडे बघितले. तिने प्रत्येक फट स्वतः तपासून मान हलवली, तेव्हाच ते पुढच्या फटीकडे गेले.

चढावर डॉक्टर चालवत होते. शेजारी मुलगा, मागे वस्ताद आणि सून. मी सुनेच्या खिशात होते. पहिले वळण गेले, दुसरे गेले. तिसऱ्या वळणाआधी डॉक्टरांनी श्वास रोखला, एवढेच. गिअर बदलला नाही. इंजिनाने जोर धरला तो टाकीच्या फाटकापर्यंत सोडला नाही.

वर पोहोचल्यावर मुलाने कान टवकारले. "टिकटिक येतेय पण."

"येणारच," वस्ताद म्हणाले. "ती गेली होती तेव्हाच गाडी आजारी पडली. माझी चूक होती ती. इंजिनाची नव्हती, पट्टीचीही नव्हती."

मग मुलाने फोन काढला आणि वेल्डरला सांगितले, "उद्याचं रद्द करा. इंजिन काढायचं नाहीये."

डॉक्टरांनी रुमाल काढून चष्मा पुसला. तो बराच वेळ स्वच्छ झाला नाही.

परत आल्यावर वस्तादांनी ब्रश घेतला आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिले: 'फट बारा. इंजिन गार. पट्टीनेच.' खाली स्वतःची सही केली. त्या सहीइतका मान मला आजवर कोणी दिलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी मापाची साधने असतील: फूटपट्टी, तराजू, थर्मामीटर. ती कोरडी ठेवा, गंजू देऊ नका. यंत्राचा एखादा आवाज नकोसा वाटला, तर तो बंद करण्याआधी कशाचा आहे ते विचारा. आणि उद्या तुम्ही कितीही मोठे कारागीर झालात, हातात कितीही कसब आले, तरी शेवटचा पेच आवळण्याआधी एकदा पट्टी सरकवून बघा. आम्ही वस्तादांनाही खरे तेच सांगतो आणि शिकाऊंनाही.